कूस बदलली, पण दाब सुटला का? बेडसोअर टाळण्याबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील पॅरालिसिसच्या झटक्यानंतर दोन महिने अंथरुणाला खिळलेत, बोलतात, बीपी व्यवस्थित आहे, जेवण निम्म्यावर आलंय. एअर बेड आहे, दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलतात, वहीत नोंदही आहे, आणि तरी काल अंग पुसताना माकडहाडावर अंगठ्याएवढा लाल डाग दिसला. अटेंडंट म्हणतो की इतके दिवस झोपून असलेल्या माणसाला हे होणारच. खरंच होणारच का, आणि आता काय करायचं?

होणारच हे मला मान्य नाही. मी बावीस वर्षं वॉर्डात आणि आयसीयूत नर्सिंग केलंय, आता घरी जाऊन पेशंट बघते, आणि बहुतेक बेडसोअर, म्हणजे एकाच जागी सतत दाब राहून होणाऱ्या जखमा, टाळता येतात हे मी खात्रीने सांगते. बहुतेक म्हणतेय, सगळे नाही. बीपी औषधांवर कसंबसं टिकवलंय आणि जरा हलवलं तरी कोसळतंय असा पेशंट असेल, किंवा माणूस अगदी शेवटच्या दिवसांत असेल आणि शरीरच त्वचेला रक्त पुरवेनासं झालं असेल, तर सगळं करूनही जखम होते आणि तिथे कुणाला दोष देण्यात अर्थ नसतो. तुमच्या वडिलांचं तसं नाही.

आधी तो डाग. बोटाने तीन सेकंद दाबा आणि सोडा. जागा पांढरी पडून परत लाल झाली तर तिथलं रक्त अजून फिरतंय, ती जागा पूर्ण मोकळी ठेवली की अर्ध्यापाऊण तासात लाली जायला हवी. दाबून पांढरी पडतच नसेल, लालच राहत असेल तर ती बेडसोअरची पहिली पायरी झाली, कातडी फुटलेली नसली तरी. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तिथे फक्त डोळ्यांवर विसंबू नका, बोटं फिरवून बघा, आजूबाजूच्या कातडीपेक्षा ती जागा गरम लागते का, थंड लागते का, कडक झालीय का किंवा उलट पिलपिलीत लागते का, पेशंटला तिथे दुखतं का. जांभळट किंवा काळपट झाक दिसली तर मात्र घरी प्रयोग न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण ते खोलवरच्या इजेचं लक्षण असतं.

डाग जाईपर्यंत त्या जागेवर अजिबात झोपवायचं नाही, म्हणजे उताणं नाहीच. डावी, उजवी, डावी, उजवी. आणि कृपा करून तिथे मालिश करू नका. तेल लावून चोळायचं हा सल्ला अजूनही मिळतो आणि प्रेमानेच मिळतो, पण आतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच मार खाल्लेल्या असतात, चोळल्याने त्या आणखी फुटतात. स्पिरिट नको, पावडर नको, मधे भोक असलेली गोल रिंगसुद्धा नको. रिंगचं लोकांना फार पटतं, जखम भोकात येते म्हणजे तिला काही लागत नाही असं वाटतं, पण रिंगच्या कडेने गोलाकार दाब पडतो आणि मधल्या भागाला येणारं रक्तच अडतं. टाचेखाली पाणी भरलेले ग्लोव्ह्ज ठेवतात त्याचंही तेच, त्यांचाही उपयोग नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. तुम्ही कूस बदलताय यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण कूस बदलली म्हणजे दाब सुटला असं नसतं, आणि मी ज्या ज्या घरी किंवा वॉर्डात 'सगळं करूनही बेडसोअर झाला' हे ऐकलंय तिथे बहुतेक वेळा घोळ इथेच सापडलाय.

एक प्रसंग सांगते. नाइटला होते, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींचा चार्ट अगदी व्यवस्थित भरलेला, दोन-दोन तासांनी डावी, उजवी, उताणी अशा नोंदी आणि सह्या. माकडहाडावरचा डाग मात्र रोज वाढत होता. त्या रात्री मी त्यांना कुशीवर असताना बघितलं तर पाठीमागे एक जाड उशी होती, ती खांद्यापासून कमरेपर्यंतच. खांदा छान वर उचललेला, चेहरा भिंतीकडे, लांबून बघणाऱ्याला वाटावं की कुशीवर आहेत. मी त्यांच्या माकडहाडाखाली हात घालायला गेले तर हात जाईना. ढुंगण गादीवर सपाट टेकलेलं होतं. डावी म्हणून लिहिलं तेव्हाही माकडहाड खालीच आणि उजवी म्हणून लिहिलं तेव्हाही खालीच. खाली चादरीची जाड घडी, तिच्यावर अंडरपॅड, त्यावर डायपर. म्हणजे इतके दिवस ती जागा एकदाही मोकळी झाली नव्हती. चार्ट खोटा नव्हता, सिस्टरांनी खरोखर दर दोन तासांनी येऊन त्यांना वळवलं होतं, एका वेळी इतके पेशंट सांभाळून वळवलं होतं. पण हात घालून बघितलं नव्हतं. उशी खाली ओढून ढुंगणाखालपर्यंत घेतली, घड्या काढल्या, तेव्हा कुठे आठवड्याभरात तो डाग उतरायला लागला.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगते, कूस बदलून झाली की पेशंटला सोडण्याआधी तळहात माकडहाडाखालून आरपार सरकवून बघा, तो अडकता कामा नये. वहीत 'डावी कूस' लिहिता ना, त्याच्या शेजारी 'हात गेला' असंही लिहायला लावा. पाच सेकंदांचं काम आहे.

कुशीवर घ्यायची पद्धतही सांगते, कारण पूर्ण आडवं, म्हणजे नव्वद अंशात कुशीवर झोपवलं की सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं आणि तिथे नवीन जखम होते. तीस अंश पुरे. आधी दोन्ही गुडघे वाकवून घ्या, मग ड्रॉशीट, म्हणजे कमरेखाली आडवी घातलेली चादर, धरून हळूच वळवा, पाठीमागे खांद्याच्या फऱ्यापासून ढुंगणापर्यंत लांब उशी सरकवा आणि पेशंटला तिच्यावर अलगद टेकू द्या. वजन ढुंगणाच्या मांसल भागावर यायला हवं, माकडहाडावरही नाही आणि खुब्यावरही नाही. खालचा खांदा जरा पुढे ओढून मोकळा करा, नाहीतर तो रात्रभर दुमडून राहतो, आणि पॅरालिसिसची बाजू असेल तर हे फारच जपायला हवं. त्या बाजूवर झोपवू नये असं नाही, पण तिथे त्यांना दुखलेलं कळत नाही, म्हणून तिकडे कमी वेळ. हात ओढून तर कधीच वळवू नका. गुडघ्यांमधे उशी, घोट्यांमधे उशी, हाडाला हाड लागू द्यायचं नाही. खालचा कान दुमडला नाहीये ना तेही बघा.

टाचा वेगळ्याने सांगते. माकडहाडाखालोखाल सगळ्यात जास्त जखमा टाचांना होतात, कारण तिथे हाडावर फक्त कातडी असते, मांस नाहीच. एअर बेड असला तरी टाच अधांतरी ठेवायची, म्हणजे पोटरीखाली पूर्ण लांबीने उशी द्यायची, गुडघा किंचित वाकलेला, आणि टाच उशीच्या पुढे हवेत. उशी आडवी ठेवून फक्त घोट्यामागे दिली तर टाचेमागच्या जाड शिरेवर (अकिलीस टेंडनवर) दाब येतो. टाचेखालून कागद सहज सरकायला हवा. शुगर असेल किंवा पायाचं रक्ताभिसरण कमी असेल तर टाच रोज दोनदा बघा. टाचेवर कोरडी, घट्ट, काळी खपली आधीच असेल आणि आजूबाजूला लाली, सूज, पू काही नसेल तर ती कुरतडून काढायची नाही, डॉक्टरांना दाखवून तशीच राहू द्यायची.

आता दोन तासांचं. हा आकडा कुठून आला तर लुडविग गुटमान नावाचे डॉक्टर होते, 1944 साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला मणक्याच्या दुखापतीच्या पेशंटसाठी त्यांनी वॉर्ड सुरू केला. त्या काळी असे पेशंट बेडसोअर आणि लघवीच्या इन्फेक्शनने जायचे आणि सगळ्यांनी तेच गृहीत धरलेलं होतं. गुटमाननी दिवसरात्र दर दोन तासांनी प्रत्येक पेशंटला वळवायचा नियम लावला आणि माणसं जगायला लागली. तेव्हाच्या गाद्या आणि आताच्या गाद्या यात मात्र फरक आहे. 2013 मधे वृद्धांच्या नर्सिंग होममधे झालेला एक अभ्यास आहे, चांगल्या फोमच्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांनी वळवण्यात फारसा फरक दिसला नाही. याचा अर्थ सगळ्यांना चार तास झोपू द्या असा नाही, तर त्या त्या पेशंटची कातडी काय सांगते ते बघा असा आहे. वळवल्यावर खालच्या जागेची लाली लवकर गेली तर तेवढा वेळ त्याला चालतोय, रेंगाळली तर वेळ कमी करा. तुमच्या वडिलांची लाली रेंगाळतेय, म्हणजे सध्या दोन तासांच्या वर जायचंच नाही. पुढे कातडी सुधारली की रात्री एखादी पाळी लांबवून त्यांना सलग झोप मिळू द्या, झोपसुद्धा हवीच असते माणसाला.

पण माझा अंदाज विचाराल तर तो डाग झोपण्यामुळे आलेला नसून पाठ वर करून बसवण्यामुळे आलाय. दिवसातून किती वेळ त्यांना बेडची पाठ उंच करून बसवता, जेवायला, टीव्हीला, कुणी भेटायला आलं की? हे वहीत कुणी लिहीतच नाही. पाठ वर केली की माणूस हळूहळू खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून तिथेच राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं, मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, मुडपतात. नुसत्या दाबापेक्षा दाब आणि ही ओढाताण एकत्र आली की रक्त जास्त पटकन अडतं. म्हणून जेवणाची वेळ सोडून डोकं तीस अंशांच्या वर नको. बसवायचं तेव्हा आधी गुडघ्याकडचा भाग वर करा, मग पाठ, म्हणजे घसरणं कमी होतं. बसवून झालं की त्यांची पाठ क्षणभर गादीपासून सुटी करून परत टेकवा, कातडी मोकळी होते. पेशंटला कसं एकदम बरं वाटतं ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसेल. जेवण झाल्यावर अर्धा-पाऊण तास तसंच ठेवा, लगेच आडवं केलं तर ठसका लागून अन्न छातीत जायची भीती असते, आणि मग खाली घ्या. नळीने फीड चालू असलेल्या पेशंटचं डोकं तीस ते पंचेचाळीस अंश ठेवावंच लागतं, तिथे फुफ्फुस आधी, मग गुडघे वर ठेवून आणि मधेमधे थोडं थोडं सरकवून माकडहाड सांभाळायचं. अशा पेशंटना माकडहाडावर सिलिकॉनचं जाड फोम ड्रेसिंग आधीच लावून ठेवण्याचा चांगला उपयोग होतो, फक्त ते रोज उचलून खालची कातडी बघायची.

खाली घसरलेल्या माणसाला वर घेताना काखेत हात घालून ओढू नका. दोघांनी ड्रॉशीट धरून उचलून सरकवायचं. एकट्यानेच करायचं असेल तर स्लाइड शीट, म्हणजे पेशंट सरकवायची गुळगुळीत चादर, घ्या. एका फरपटण्यात दिवसभराची मेहनत पाण्यात जाते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बेडसोअर बऱ्याचदा आतून बाहेर येतो. दाब सगळ्यात जास्त हाडाजवळ असतो, कातडीपेक्षा मांस लवकर मरतं, आणि खोलवरची इजा वर दिसायला दोन-तीन दिवससुद्धा लागतात. म्हणून काल दिसलेल्या डागाचं कारण कालच शोधू नका, तीन दिवस मागे जा. स्कॅनसाठी नेलं होतं का, कडक स्ट्रेचरवर किती वेळ होते, खुर्चीत बसून किती तास काढले. मोठ्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी डाग दिसला की वॉर्डातल्या सिस्टरवर खापर फुटतं आणि इजा ऑपरेशन टेबलावर झालेली असते, हे मी फार बघितलंय.

खुर्चीत बसवणं चांगलंच, छातीसाठी आणि मनासाठी, पण बसल्यावर दाब झोपण्यापेक्षा जास्त असतो, सगळं वजन बुडाच्या दोन हाडांवर येतं. डाग असेपर्यंत थोडाच वेळ बसवा, एका वेळी तासाच्या आत, चांगली कुशन देऊन, पाय नीट टेकलेले असू देत. ज्यांना जमतं त्यांनी दर पंधरा मिनिटांनी पुढे वाकायचं किंवा एका बाजूला कलायचं. अंग उचलून लगेच टेकवून चालत नाही, रक्त परत भरायला दोनेक मिनिटं लागतात, म्हणून पुढच्या टेबलावर हात ठेवून निवांत पुढे वाकून राहणं सगळ्यात सोपं.

एअर बेडबद्दल. घेतला ते उत्तम केलं, पण तो कूस बदलण्याच्या ऐवजी नसतो, जोडीला असतो. पंपावर वजनाप्रमाणे सेटिंग असतं ते तपासा, बऱ्याच घरी पहिल्या दिवशी फुल्ल करून ठेवलेलं तसंच असतं आणि गादी दगडासारखी झालेली असते. वडील झोपलेले असताना एअर बेडच्या खाली, माकडहाडाच्या बरोबर खाली तळहात घाला, हात आणि त्यांचं हाड यांच्यामधे निदान अडीच सेंटिमीटर हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर गादी बसलीय. वर एकच सैल चादर आणि लागलाच तर एक अंडरपॅड, एवढंच. दुहेरी चादर, रबर शीट, घडी घातलेलं ब्लँकेट टाकलं की हवेच्या गादीचा फायदा संपला. लाइट गेली की काही गाद्या बसतात, तेव्हा काय करायचं ते आधी ठरवून ठेवा.

ओलेपणा. लघवी आणि संडासने ओली राहिलेली कातडी मऊ पडते आणि तिला थोडं घासलं तरी सोलते. डायपर भरेपर्यंत थांबू नका, आणि गादीवर असताना दिवसा काही वेळ डायपर उघडा ठेवून नुसत्या अंडरपॅडवर ठेवलंत तर आणखी छान. साबणाने खसाखसा धुऊ नका, त्वचेचा गुण किंचित आम्ल असतो आणि साबण तो बिघडवतो, कोमट पाणी किंवा सौम्य क्लिन्झर घ्या, टिपून कोरडं करा आणि झिंक किंवा डायमेथिकोनचं बॅरियर क्रीम पातळ लावा. जाड थर लावला तर डायपर शोषत नाही आणि खाली काय चाललंय तेही दिसत नाही. मांड्यांच्या घड्यांत, दोन्हीकडे पसरलेली, कडा नीट नसलेली लाली असेल तर ती ओलेपणाची असते. बरोबर हाडावर, एका जागी, गोलसर असेल तर दाबाची. दोन्ही एकत्रही असतात.

निम्म्यावर आलेलं जेवण मला डागाइतकंच महत्त्वाचं वाटतं. बेडसोअरचा धोका असलेल्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण 30 ते 35 कॅलरी आणि 1.25 ते 1.5 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला 75 ते 90 ग्रॅम प्रोटीन. निम्म्या जेवणात ते बसत नाही. थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या, गिळायला त्रास असेल तर स्पीच थेरपिस्टला दाखवा, कवळी सैल झालीय का बघा, शेजारी बसून भरवा. किडनीचा आजार असेल तर प्रोटीन डॉक्टरांना विचारूनच. महिन्याने वजन करा, उतरत असेल तर आहारतज्ज्ञांना गाठा.

नळ्या आणि उपकरणं विसरू नका. ऑक्सिजनच्या नळीने कानामागे, मास्कने नाकाच्या हाडावर, मानेच्या कॉलरने हनुवटीखाली जखमा होतात. एकदा कॅथेटरचं टोपण मांडीखाली राहिलं होतं, सकाळी मांडीवर त्याचा हुबेहूब ठसा, कडेच्या रेघांसकट, आणि मधे जांभळा ठिपका. वळवताना चादरीवरून एकदा हात फिरवला असता तर सापडलं असतं.

हॉस्पिटलात बेडसोअरचा धोका मोजायला ब्रेडन स्केल वापरतात, 1987 सालची आहे, सहा गोष्टींना मार्क देतात, संवेदना, ओलेपणा, चालणं-फिरणं, अंथरुणात स्वतः हलणं, आहार आणि घासणं-घसरणं. बेरीज 6 ते 23 मधे येते आणि 18 किंवा त्याखाली धोका धरतात. मी नव्या सिस्टरांना सांगते की बेरीज लिहून फाइल बंद करू नका, कुठल्या ओळीत मार्क कमी पडलेत ते बघा, काम तिथे करायचंय. तुमच्या वडिलांचे मला वाटतं हलणं, घसरणं आणि आहार या तिन्हीत कमी पडतील.

अटेंडंटवर रागावू नका. त्याला शेजारी उभं करून एकदा तुम्ही स्वतः हात घालून दाखवा, मग त्याला घालायला सांगा. वळवण्याआधी वडिलांना सांगून वळवा, त्यांना विचारा कुठे टोचतंय, ते बोलतात ही केवढी मोठी सोय आहे तुमच्याकडे.

आज डागाचा फोटो काढा, शेजारी पट्टी धरून, तारीख घालून. रोज सकाळी त्याच उजेडात परत काढा आणि बोटाने दाबून बघा. दोन-तीन दिवस उताणं अजिबात न झोपवता, तळहात घालून खात्री करून, बेडची पाठ खाली ठेवून डाग फिकट होत गेला तर तसंच चालू ठेवा. फोड आला, कातडी सोलली, रंग गडद झाला, वास आला, ताप आला किंवा वडील अचानक गुंगीत किंवा असंबद्ध बोलायला लागले तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर.